परस्पर

प्रिय काना,

या नावाने तुला हाक मारून इतके दिवस झालेत की लिहिताना हात जरा अडखळला. वकीलबाईंसमोर मी तुझा उल्लेख ‘हे’ असा करते, तू माझा ‘या’ असा करतोस, आणि त्या बिचाऱ्या आळीपाळीने आपल्या दोघांकडे बघत बसतात. छापखान्यात आपलं बारसं कुणी केलं होतं, आठवतं ना? बांधणी खात्यातल्या मामांनी. तू उंच, सरळसोट, कुणाच्याही शेजारी उभा राहिलास तरी त्याला त्रास न होणारा, म्हणून काना. आणि मी ठेंगणी, कायम दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेली, म्हणून अनुस्वार. मी रागाने चार दिवस मामांशी बोलले नव्हते, आणि पाचव्या दिवशी तुला चिठ्ठी लिहिली ती ‘प्रिय काना’ अशीच लिहिली होती.

गुरुवारी अकरा वाजता कोर्टात भेटणारच आहोत, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. समोरासमोर बोलायचं म्हटलं की आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी बोलते, बोलतच सुटते, आणि तू मान डोलावतोस. पत्राचं तसं नसतं. लिहिलेला कागद हातात आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तू तो खाली ठेवणार नाहीस. औषधाच्या बाटलीबरोबर येणारी घडीची चिठ्ठीसुद्धा तू कधी अर्धी सोडली नाहीस. तेव्हा आज रविवारची दुपार त्यासाठीच राखून ठेवली आहे. चुका दिसल्या तर काढ, पण मनातल्या मनात.

आधी इकडची खबर देते. समानार्थी कोश अजून चालूच आहे. तू छापखाना सोडून गेलास तेव्हा आपण ‘आ’मध्येच अडकलो होतो. नंतर संपादकसाहेबांना वाटलं की अक्षरवारी कोश कुणीही काढेल, आपला विषयवार हवा. झालं, पहिल्यापासून सगळं पुन्हा. तुझ्या खुर्चीवर आता एक निवृत्त मास्तरीणबाई असतात. त्या मूळ प्रत मोठ्याने वाचतात आणि मी प्रुफावर बघते, म्हणजे पद्धत आपलीच. पण बाई वाचतात अशा की समोर चाळीस मुलं बसली आहेत आणि मागच्या बाकावरचा पेंगतो आहे. ‘एकसमयावच्छेदेकरून’ हा शब्द आला तेव्हा बाईंनी तो एका दमात, एकही ठेच न लागता म्हणून टाकला. मला एकदम तू आठवलास. हा शब्द आला की तू थांबायचास, पाण्याचा घोट घ्यायचास, चष्मा नीट करायचास आणि मगच त्याच्या अंगावर जायचास, तरी ‘वच्छे’पाशी हमखास पडायचास. मी हसले तशा बाई मला म्हणाल्या की यात हसण्यासारखं काय आहे. मी म्हटलं, काही नाही, पुढे वाचा.

सध्या तोच भाग चालू आहे. एकत्र असण्याचे शब्द, एकाच वेळी घडण्याचे शब्द, एकमताचे शब्द. आठ पानं आहेत बघ. एकदम, एकाच वेळी, जोडीने, बरोबर, सोबत. मग सहमती, संमती, रुकार, दुजोरा, मान्यता, पटणे, सूत जुळणे, री ओढणे, होला हो करणे, संगनमत. मला पहिल्यांदाच जाणवलं की राजीखुशीच्या शब्दांशेजारी किती पटकन लुच्चेगिरीचे शब्द येऊन बसतात. दोघांचं जमलं तर एकमत, तिसऱ्याला आवडलं नाही तर संगनमत. संपादकसाहेबांनी ‘पटणे’च्या खाली उदाहरण दिलंय: ‘त्या दोघांचे पटेना.’ एवढंच. शेजारच्या बायकांनी आपल्याबद्दल सांगितलं असणार तेही एवढंच.

‘बरोबर’ या शब्दापाशी मी बाईंना थांबवलं आणि चहा मागवला. तू वाचायचास, ओळ संपली की क्षणभर थांबायचास आणि मी ‘बरोबर’ म्हणायचे. चौदा वर्षं, दिवसाला चारशे-पाचशे वेळा. त्याचा अर्थ इतकाच असायचा की कागदावरचं आणि कागदावरचं जुळतंय. लिहिलंय ते खरं आहे की खोटं, याच्याशी आपल्याला कर्तव्य नव्हतं. पृथ्वी चौकोनी आहे असं मूळ प्रतीत असतं तरी मी ‘बरोबर’च म्हटलं असतं. तू मला लग्नाचं विचारलंस तेही त्याच सुरात, एका पाकशास्त्राच्या पुस्तकाची प्रुफं वाचताना. मिठाच्या प्रमाणानंतर पुढची ओळ म्हणून वाचावं तसं म्हणालास, ‘वाचणाऱ्याने तपासणारीशी लग्न करावे.’ मी सवयीने बरोबर म्हणून गेले. मग मूळ प्रत हिसकावून घेऊन बघितलं, तर तिथे असलं काही नव्हतं. सारं खातं हसत होतं, म्हणजे मामांना तू आधीच सांगून ठेवलं होतंस. संगनमत म्हणतात ते हेच.

आणि मग शुक्रवारी आला ‘परस्पर’. कोशात त्याला एकच अर्थ दिलाय: एकमेकांत, एकमेकांशी. परस्पर स्नेह, परस्पर सहकार्य, परस्पर संमती. मी समासात प्रश्नचिन्ह काढलं आणि लिहिलं की दुसरा अर्थ राहिला. परस्पर निघून गेला, परस्पर विकून टाकलं, परस्पर ठरवलं. म्हणजे ज्याला विचारायला हवं होतं त्याला न विचारता. बाई म्हणाल्या, अगबाई, खरंच की, एकाच शब्दाला दोन तोंडं, आणि दोन्ही विरुद्ध दिशांना. त्या बाईंना काय माहीत की अकरा वर्षं मी हा शब्द दुसऱ्या तोंडानेच वापरत आले, आणि तुझ्याशिवाय कुणावरही वापरला नाही.

आता ते लिहायला हवं. आपण दोघं त्या दोन दिवसांबद्दल कधी सरळ बोललोच नाही, त्यामुळे कुठून सुरू करतात ते मला येत नाही. मला आठवतं ते असं. आठवा महिना संपत आला होता. सकाळपासून पोटात हालचाल नव्हती. आपण रिक्षा करून गेलो, रिक्षावाल्याने मला खड्ड्यांतून जपून नेलं, तू वाटेत सारखं हवेबद्दल बोलत होतास. डॉक्टरीणबाईंनी यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि मग तुझ्याकडे बघितलं. त्यानंतर कळा आणण्याचं औषध, ताप, इंजेक्शनं, आणि पुढचं सगळं पाण्याखालून ऐकल्यासारखं. शुद्धीवर आले, निदान मला शुद्धीवर आल्यासारखं वाटलं, ते दुसऱ्या दिवशी. ऊन पलंगावर आलं होतं. मी म्हटलं, ती कुठे आहे, मला बघायचीय. तू पलंगाशेजारच्या स्टुलावर होतास. म्हणालास, “सगळं उरकलं. बघायचं नाही असं मी त्यांना सांगितलं.” मी विचारलं, मला न विचारता? तू म्हणालास, “हो.”

त्या ‘हो’वर मी अकरा वर्षं काढली. मी तुला कधी शिव्या दिल्या नाहीत, भांडीकुंडी आपटली नाहीत. मी फक्त तो एक शब्द जवळ ठेवला आणि वेळ येईल तसा वापरला. तू पडद्यांचं कापड आणलंस, मी म्हटलं, परस्पर आणलंस. तुझ्या ताईला राहायला बोलावलंस, मी म्हटलं, ठरवलंस का परस्पर? पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा तुझा चेहरा उतरला होता, तो मी पाहिला होता, आणि खरं सांगू, मला बरं वाटलं होतं. माझ्या दादाला मी सगळं सांगितलं. दादा तुझ्याशी बोलायचा बंद झाला. वहिनीला सांगितलं, छापखान्यातल्या दोघीतिघींना सांगितलं. सगळ्यांचं एकमत झालं की आईला तिचं बाळ दाखवायचं की नाही हे परस्पर ठरवणारा नवरा म्हणजे काळजाच्या जागी दगड. एक मामा तेवढे म्हणाले की पोरी, तो तसा नाही. मी मामांनाही सुनावलं होतं.

तू मात्र हळूहळू काहीही ठरवणं सोडून दिलंस. चहा टाकू का, खिडकी लावू का, निळा सदरा घालू का. तुझं मत काय विचारलं तर म्हणायचास, तुझं जे मत तेच माझं. आपल्या घरात जितकं एकमत होतं तितकं कुठल्याही घरात नसेल. त्या एकमताने जीव गुदमरायचा. माणसं भांडून वेगळी होतात. आपण एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता वेगळे झालो. मी म्हटलं, आपण वेगळं राहिलेलं बरं. तू शेंगेचा दोरा काढत होतास. तो काढून झाल्यावर म्हणालास की तुला तसं वाटत असेल तर तसं. मी वाट बघत होते, काना. आज लिहायला लाज वाटत नाही. तू एकदा तरी नको म्हणावंस, एकदा तरी हात धरून काहीतरी परस्पर ठरवावंस, म्हणून मी ती सगळी भाजी निवडून होईपर्यंत वाट बघितली. तू उठून हात धुतलेस.

वकीलबाईंकडचा तो दिवस चार महिन्यांपूर्वीचा. त्यांनी अर्जाचा मसुदा पुढे ठेवला, म्हणाल्या, दोघांनी नीट वाचून घ्या. तू एक प्रत उचललीस, मी दुसरी, आणि कुणी काही न सांगता तू मोठ्याने वाचायला लागलास. बाईंनी पेन खाली ठेवलं. नाव, वय, धंदा, बरोबर. लग्नाची तारीख, बरोबर. उभयता परस्पर संमतीने विभक्त होऊ इच्छितात. तू थांबलास आणि मी म्हटलं, बरोबर. माझ्या ‘बरोबर’चा अर्थ तोच होता, जो कायम असायचा: कागदावरचं आणि कागदावरचं जुळतंय. तो तुला नीट कळला की नाही हे तेव्हापासून मला सतावत होतं. त्याच्या पुढची ओळ, ‘उभयतांना अपत्य झालेले नाही.’ तू वाचलीस आणि थांबलास. मी काही म्हटलं नाही. पंखा फिरत होता. मग मी म्हटलं, “झालं होतं.” तू चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागलास. वकीलबाई म्हणाल्या, अहो, राहू द्या तसंच, कायद्याच्या दृष्टीने काही फरक पडत नाही. आणि आपण दोघं एकदम म्हणालो, “पडतो.”

किती वर्षांनी आपण एकाच वेळी एकच शब्द उच्चारला, ते मी घरी येऊन मोजत बसले होते. ‘हयात अपत्य नाही’ अशी दुरुस्ती झाली, आणि बाई म्हणाल्या की मग इस्पितळाच्या नोंदींची नक्कल जोडा, अंतिम तारखेपर्यंत दिली तरी चालेल. तू घाईघाईने म्हणालास, मी आणतो. मी म्हटलं, काही नको, तू तिथे परस्पर काहीतरी करून येशील, मीच आणते. तेव्हा तू जे बोललास ते ऐकून मी थक्क झाले होते. म्हणालास, मग ते पहिलंच वाक्य राहू द्या, बदलू नका. जन्मात कधी चुकीची वेलांटी न सोडणारा माणूस, आणि आपली मुलगी झालीच नव्हती असं छापून जाऊ दे म्हणतो. त्या दिवशी जिना उतरताना मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

इस्पितळात जायला मी उगाच चालढकल केली. शेवटी गेल्या मंगळवारी अर्धी रजा टाकून गेले. नोंदींचं खातं तळघरात आहे. तिथल्या कारकूनबाईंनी तासभर शोधलं, मग एक मळकी फाईल आणून म्हणाल्या, इथेच बसून बघा, हवं त्याची नक्कल करून देते. तापाचे तक्ते होते, औषधांच्या याद्या होत्या, आणि मध्ये एक पानाचा छापील अर्ज. आई आणि वडील, दोघांसाठी वेगवेगळे रकाने. ‘बाळाला पाहू इच्छिते / इच्छीत नाही.’ नको ते खोडायचं. आईच्या रकान्यात ‘इच्छिते’ खोडलेलं होतं. मला वाटलं, हेच ते, तू खोडलेलं. मग खाली सही दिसली. माझी. वाकडीतिकडी, पण माझी. तरी मी मनाला म्हटलं, गुंगीत कुणी हात धरून करून घेतली असेल. आणि मग दिसलं की ‘इच्छीत’मधल्या दीर्घ वेलांटीभोवती बारीक गोल केलाय, आणि समासात ऱ्हस्व वेलांटी काढून खाली दोन रेघा मारल्यात. तशा दोन रेघा सगळ्या छापखान्यात एकटी मीच मारते. कुणी हात धरून ते करून घेत नाही, काना. मी तो अर्ज ओळ न् ओळ वाचला होता, तपासला होता, त्यातली चूक काढली होती, आणि नाही म्हटलं होतं. त्यातला एक क्षणही मला आठवत नाही.

कारकूनबाईंनी पाणी दिलं. त्यांना वाटलं, मुलीसाठी रडतेय. मी तुझ्यासाठी रडत होते. दुसऱ्या दिवशी मी जागी होऊन तिला मागितलं तेव्हा तुला एवढंच सांगायचं होतं की तूच नको म्हणालीस. तीन शब्दांचं काम होतं. पण ते ऐकून मी कशी जगले असते, हे तू त्या स्टुलावर बसून एका क्षणात वाचलंस आणि ते माझं ‘नाही’ स्वतःच्या नावावर करून घेतलंस. मग दादाने तोंड फिरवलं, ते सोसलंस. मी शब्द फेकून मारला, तो झेललास. वेगळं होण्याच्या अर्जावर सही करतानाही बोलला नाहीस, आणि मला हा कागद सापडू नये म्हणून खोटं वाक्य छापून जाऊ द्यायला तयार झालास. आयुष्यात तू खरंच परस्पर ठरवलेली गोष्ट ही एकच, आणि तिच्यावर मी एकदाही बोट ठेवलं नाही, कारण मला ती दिसलीच नाही. काल दादाकडे जाऊन सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्याने विचारलं की तू कुठल्या वेळेला घरी असतोस. माझ्याने तुझी माफी मागवत नाही. तो शब्द फार लहान पडतो, आणि मागितली तर तू लगेच मान डोलावशील, याची भीती वाटते.

गुरुवारी विचारतील, दोघांची संमती आहे ना. तुझ्या मनात असेल तेच बोल, माझ्या मताकडे बघू नकोस. तू वेगळं व्हायचंय म्हणालास तर मी आडवी येणार नाही. तुला सुटायचं असेल तर तो तुझा हक्क आहे. माझं विचारशील तर मला नाही व्हायचंय. पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाहीये. त्या अर्जावर वडिलांचा रकाना आहे. तिथे तू ‘इच्छित नाही’ खोडलंयस. खाली परिचारिकेच्या अक्षरात लिहिलंय: ‘वजन एक किलो नऊशे. दुपारी चार वीस ते पाच, वडील बाळाला मांडीवर घेऊन बसले होते.’ चाळीस मिनिटं, काना. तू तिला पाहिलंस, आणि मी विचारू नये म्हणून अकरा वर्षं पाहिलंच नाही असं वागलास. तिला पाहिलेला आपला माणूस या जगात आता तू एकटाच आहेस. निर्णय काय व्हायचा तो होऊ दे, पण गुरुवारी अर्धा तास आधी ये. बाहेर कुठेतरी बसू. मला सांग, तिला केस होते का? बोटं कुणासारखी होती? डोळे नीट मिटलेले होते ना? आणि त्या चाळीस मिनिटांत तू तिला काही नावाने हाक मारली असशील, तर तेही सांग.

निदान गुरुवारी अकरा वाजेपर्यंत तरी तुझीच,
अनुस्वार